आभाळाची आगोट

सखाराम तांडेल पत्र ऐकायला आले म्हणजे माझ्याकडे पाठ करून बसत. ओटीच्या खालच्या पायरीवर, तोंड समुद्राकडे, दोन्ही तळवे गुडघ्यांवर टेकलेले. आरंभी मला तो अविनय वाटला. पुढे कळले की वाचणाऱ्याच्या मुद्रेवर पुढची ओळ आधीच उमटते, आणि ती त्यांना आधी कळायला नको असे. "तोंड बघितलां की जीव घाबरता, गुरुजीनू. तुमी वाचा. कानान ऐकलेलां सोसता," असे ते एकदा म्हणाले होते.

एकोणीसशे पन्नासच्या दशकातली ती शेवटची वर्षे. मी मालवणच्या शाळेत संस्कृत शिकवीत असे, आणि सुटीच्या दिवशी पूजा आटोपली की बंदरावरची मंडळी कागद वाचून घ्यायला माझ्याकडे येत. सखाराम तांडेलांना सही करता येई, अंक वाचता येत. जोडाक्षर आले की ते थांबत. तांडेल म्हणजे गलबताचा मुख्य. मालक गावात राहतो, आणि समुद्रावर दहाबारा खलाशांच्या जिवाची जोखीम तांडेलाच्या शिरावर असते. सखाराम ठेंगणे होते, खांदे मात्र दाराच्या चौकटीला लागतील असे रुंद. पत्र ते टोपीच्या घडीत ठेवीत. मी त्यांना वर येऊन बसण्याविषयी कितीदा तरी विनविले. ते हसत आणि खालच्याच पायरीवर बसत. ज्या चालीरीतींनी त्यांना तिथे बसवले होते त्या माझ्याही घरात पाळल्या जात. आज त्याचे मला वाईट वाटते.

तांडेलाने आभाळाकडे पाहू नये, असा त्यांचा एक सिद्धान्त होता. "तांडेलान आडवां बघूचां, उभां नाय. जां काय येतलां तां दर्याच्या कडेसून येतलां," ते म्हणत. वादळ, पाऊस, परके गलबत, सगळे क्षितिजावरून येते. डोक्यावर पाहत राहणारा मनुष्य समोरचा खडक विसरतो. अशा या माणसाची मान साठीजवळ वर वळू लागली. बाजारात चालता चालता ते थबकत आणि ढगांत काहीतरी शोधत. मासळी विकणाऱ्या बायका त्यांना सोडीत नसत. "तांडेलानू, आभाळात जाळां टाकलास काय? बांगडो गावलो तर आमका पण दिया!" ते पुढे चालू लागत. त्यांचा एकुलता एक मुलगा, दत्ताराम, तेव्हा कलकत्त्याला मालवाहू विमानावर सहवैमानिक म्हणून नोकरीस लागला होता.

दत्ता माझ्याच हाताखाली शिकला. पुढे मुंबईस मामाकडे राहून मॅट्रिक झाला आणि तिथेच त्याच्या डोक्यात विमान शिरले. ते शिक्षण फ्लाइंग क्लबात तासांवर विकत घ्यावे लागे. जितके तास आकाशात, तितक्या तासांचे पैसे आधी भरायचे; ठराविक तास भरल्यावाचून परवाना नाही. सखारामांची 'श्रीरामप्रसाद' या गलबतात चार आण्यांची, म्हणजे चौथ्या हिश्श्याची, भागी होती. ती त्यांनी विकली, आणि ज्या गलबताचे ते भागीदार होते त्याच गलबतावर पगारी तांडेल म्हणून चढले. मी म्हटले, "सखाराम, मुलाला एखाद्या कचेरीत लावला असता, तर भागीही राहिली असती."

"राहिली असती," ते म्हणाले. "पण माज्या बापसाक कोणी इचारल्यान नाय, सख्याक दर्यार कित्याक नेतंस म्हणान. मगे मी तेका कसो अडवू?"

दत्ताची पत्रे माझ्या पत्त्यावर येत. त्यांतून मला त्या व्यवसायाची जी ओळख झाली ती अशी. मूळ पगार बेताचा; खरी मिळकत उड्डाणाच्या तासांवर. विमानाने जमीन सोडल्यापासून जमिनीला टेकेपर्यंतचाच वेळ हिशेबात धरायचा. माल भरण्यात सकाळ गेली, धुक्यात दुपारपर्यंत खोळंबा झाला, तर तो वेळ कोणाचाच नव्हे. म्हणून पहाटे उठून दिवसाला तीन फेऱ्या झाल्या तर सगळे संतुष्ट, आणि एकही झाली नाही तर सगळे चिडलेले. शिवाय डकोटा विमान चालवण्याचे वेगळे शिक्षण कंपनीने आपल्या खर्चाने दिले होते, आणि त्याबद्दल करारनामा लिहून घेतला होता: तीन वर्षे नोकरी सोडायची नाही, सोडल्यास शिक्षणाचा सारा खर्च भरून द्यायचा.

 हे ऐकून सखाराम म्हणाले, "शिकताना तासाक पैशे दिले. आता तासाक पैशे घेता. म्हंजे तो तास काय तेचो झालो नाय, गुरुजीनू. आधी क्लबाचो होतो, आता कंपनीचो."

त्या वर्षी ज्येष्ठात 'श्रीरामप्रसाद' किनाऱ्यावर ओढून घेतली गेली. आमच्या बाजूला याला आगोट म्हणतात. मृगाचा वारा सुटण्याआधी प्रत्येक गलबत वाळूवर यायचे, माडाच्या झापांनी शाकारले जायचे, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा झाल्यावाचून कोणी पाण्यात उतरायचे नाही. आगोट एकदा लागली की तांडेलांच्या घरच्या बायकांच्या चालण्यात सुद्धा फरक पडतो. अडीच-तीन महिने कोणाची वाट पाहायची नसते. त्या दिवशी सखाराम स्वस्थ चित्ताने आले आणि म्हणाले, "दत्ताक लिवा, तेंची आगोट कधी लागता तां कळय."

मी तसे लिहिले. उत्तर आले ते मी वाचू लागलो: "बाबांना सांगावे की आमच्याकडे आगोट नसते. उलट पावसात रुळांखालचे पूल वाहून जातात, उत्तरेकडच्या डोंगरातले रस्ते बंद पडतात, तेव्हा तांदूळ, मीठ, रॉकेलची पिंपे, सगळा माल विमानातूनच न्यावा लागतो. सर्वांत जास्त तास याच महिन्यांत होतात. परवा ढग इतके खाली होते की दरी धुंडीत धुंडीत जावे लागले. तास मात्र भरपूर झाले."

सखाराम उठून उभे राहिले आणि माझ्याकडे वळले.  त्या दिवशी त्यांनी मला आपल्या तरुणपणची एक गोष्ट सांगितली. मालकाच्या आग्रहावरून, आगोट लागल्यावर, मंगळुरी कौलांची एकच खेप आणायची म्हणून ते निघाले होते. वेंगुर्ल्याच्या खडकांपाशी वाऱ्याने गाठले. गलबत वाचले, नारायण नावाचा खलाशी गेला. सांगताना त्यांनी नारायणाच्या आकांताविषयी एक अक्षर काढले नाही. शेवटी एवढेच म्हणाले, "वाऱ्याक शिव्या घालूची नाय. वारो येळेर होतो. आमी उशिरा होतंव."

नंतर रोज पाऊस पडे आणि रोज ते येत. पत्र आलेले नसले तरी येत. त्यांचा आहार तुटला. विजेचा कडकडाट झाला की ते मोजू लागत, आणि मोजता मोजता त्यांना आठवे की हे गडगडणे मालवणचे आहे, कलकत्त्याचे नव्हे. मी त्यांना नामस्मरण सुचविले. ते आज्ञाधारकपणे नाम घेत आणि मध्येच विचारीत, "गुरुजीनू, ढगात खडक दिसता काय ओ?"

एके दिवशी ते निश्चय करून आले. "कंपनीच्या मालकाक पत्र लिवचां आसा. मी सांगतंय तसां लिवा."

त्यांनी जे सांगितले ते मला शब्दशः आठवते. "शेटजीनू, तुमच्या गलबतार माजो झील आसा. मी तांडेल. मालकान आगोटीत गलबत सोडूक सांगल्यान तर तांडेलान नाय म्हणूचां, ह्यो आमचो रिवाज. माजो झील ल्हान, तो नाय म्हणूचो नाय. म्हणान तेच्या वतीन मी म्हणतंय. चार म्हयने तेका जमनीर ठेवा. पगार दिव नकास. तेच्या पोटापुरते मी हयसून धाडतंय."

आमच्या बंदरावर असे पत्र कोणी हसण्यावारी नेले नसते. अनुभवी तांडेलाचा नकार मालकही मान खाली घालून ऐकतो. कलकत्त्यातही मालक आहे, माल आहे, वारा आहे. मग रिवाज वेगळा कसा असेल, असे त्यांना वाटले, आणि मलाही वाटले. दत्ताला आधी विचारावे हा विचार माझ्या मनात येऊन गेला. मी तो बोलून दाखवला नाही. मी सखारामांचे बोलणे आदराच्या भाषेत मांडले, मुख्याध्यापकांनी त्याचे इंग्रजी केले, आणि खाली सखारामांनी आपली सही जपून, जिभेचे टोक दातांत धरून, केली.

श्रावण लागताच दत्ता आला. बसमधून उतरला तो घरीही न जाता माझ्या ओटीवर आला; मागून वडील धावत आले होते.

"गुरुजी, ते पत्र तुम्ही लिहिलंत?"

"मी लिहिले," मी म्हणालो.

"मुख्य वैमानिकानं ते सगळ्यांपुढे वाचलं. लोक पोट धरून हसले. मग तो म्हणाला, ज्याच्या घरी इतकी भीती आहे त्याच्या हातात मी विमान देणार नाही. पाळीच्या तक्त्यावरून माझं नाव पुसलं. आता तास नाहीत. हे दिवस करारातही धरायचे नाहीत." तो वडिलांकडे वळला आणि त्याची भाषा बदलली. "तेरा म्हयने उरले होते, बाबा. तेरा! आता तुमी लिवन मागे घेतल्याबगर माजां नाव लागूचां नाय."

"मगे लागूचां नाय," सखाराम म्हणाले.

"तुमी माका भित्रो ठरयल्यात!"

"जितो आसस मा?"

"नुसतो जितो रवान काय करू?"

"तू काय करतलंस तां तू बघ. माका जितो पुरे."

दत्ता कपाळाला हात लावून खाली बसला. थोड्या वेळाने सखारामांनीच मृदू आवाजात विचारले, "तुज्या पाळयेक आता कोण जाता?"

"हेन्री म्हणान एक आसा. माज्यापेक्षा ल्हान. तेका तास व्हयेच आसत. खुशीत आसा तो."

"बरां झालां," सखाराम म्हणाले. त्या आठवड्यात मी त्यांना पहिल्यांदा पोटभर जेवल्यासारखे पाहिले. मासळीवाल्यांशी ते आपण होऊन थट्टा करीत. त्यांची मान पुन्हा आडवी झाली होती.

दहाएक दिवसांनी दत्ताच्या नावाने कलकत्त्याचे पत्र आले. दत्ता पायरीवर उभा राहून ते वाचू लागला. सखाराम नेहमीच्या जागी, समुद्राकडे तोंड करून, बसले होते. दत्ताच्या मुद्रेवर मी ते पत्र वाचले.

"वाच मा रे," सखाराम म्हणाले. "मोठ्यान वाच."

मीठ घेऊन सकाळी निघालेले विमान डोंगरातल्या धावपट्टीवर पोहोचले नव्हते. तिसऱ्या दिवशी एका कड्यावर त्याचे अवशेष दिसले. विमानाचे कप्तान दुसरेच कोणी होते. त्यांच्या शेजारच्या जागी हेन्री होता. दत्ताने एवढे वाचले आणि कागदाची घडी घातली. 

 मला आठवते ते असे की माझ्या मनात प्रथम जी वृत्ती उठली ती सुटकेची होती. दत्ता वाचला. परमेश्वराची कृपा. ही वृत्ती मी नाकारू शकत नाही. ती उठली, आणि पाठोपाठ तिची भीती वाटली.

"तेचो बापूस काय करता?" सखारामांनी विचारले.

"रेल्वेत गार्ड."

"तेच्या बापसान मालकाक पत्र लिवक नाय," सखाराम म्हणाले.

मी म्हटले की प्रत्येक जण आपापल्या कर्माने येतो आणि जातो. याचे पातक पत्रावर नाही, आणि असलेच तर ते लिहिणाऱ्यावरही आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. "तुमच्या पोथयेत तसां आसतलां, गुरुजीनू. मी नाय म्हणना नाय. पण पाळी दत्ताची होती."

गलबतावरचा परगावचा खलाशी गेला तर तांडेल त्याचे दहा दिवसांचे सूतक पाळतो, ही इकडची जुनी चाल. एका गलबतावरचे सगळे एका घरचे. सखारामांनी हेन्रीचे सूतक धरले. पायांत वहाण नाही, देवाला हात नाही. दत्ताने समजावले की तो किरिस्ताव होता. "मेलो तेव्हा तुज्या जागेर होतो," सखाराम म्हणाले, आणि तिथे तो विषय संपला. दहाव्या दिवशी तिलांजली द्यायची, विधी मी सांगावा, अशी त्यांनी विनंती केली.

मी विचारले, "गोत्र काय उच्चारायचे, सखाराम?" प्रश्न तोंडातून गेला आणि मला त्याची लाज वाटली. मी दोन दिवस मागून घेतले आणि पोथ्या चाळल्या. ज्याचे गोत्र ज्ञात नाही त्यास काश्यप म्हणावे, हे मला बालपणापासून पाठ होते. मी जे शोधीत होतो ते पोथीत नव्हते. मला हवे होते ते धैर्य. दहाव्या दिवशी दांडीच्या किनाऱ्यावर, उसळत्या पाण्यापाशी, मी संकल्प सांगितला. सखारामांनी ओंजळ सोडताना नाव घेतले ते 'हेंद्री' असे. मी ते सुधारले नाही.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. दत्ता घरीच होता, आणि आता तो कंपनीविषयी काही बोलत नसे. जेवताना त्याचा घास हातात राही. भय बापाकडून मुलाकडे आले होते, आणि हे सर्वांआधी बापाने ओळखले होते. तरीही ते म्हणाले, "लिवा, गुरुजीनू. मागलां पत्र मी मागे घेतलंय. माज्या झिलाक पाळयेप्रमाणे धाडा. तेच्या पाळयेक दुसऱ्या कोणाक धाडू नकास."

माझी लेखणी थांबली. "अजून पावसाळा आहे, सखाराम. आश्विनात लिहू. महिना-दीड महिन्याचा तर प्रश्न. तोवर तोही सावरेल."

"तोवर तेच्या जागेर कोण जातलो?"

मी लिहिले.

दत्ताच्या आईने तीन दिवस नवऱ्याशी बोलणे टाकले. दत्ताला सखारामांनी स्वतःच सांगितले. तो "बरां" एवढेच म्हणून आपली पेटी आवरायला गेला. आठवड्याने कंपनीची तार आली आणि तो भर पावसात बसने गेला. पुढचे थोडक्यात सांगतो. त्याने कराराचे तेरा महिने पुरे केले, आणखी एक पावसाळा काढला, आणि मग तो सुखरूप दुसऱ्या, जमिनीवरच्या कामाला लागला. त्या अवधीत सखाराम तांडेल जणू पाचसहा वर्षांनी अधिक म्हातारे झाले. मरणापूर्वी त्यांनी मुलाला जमिनीवर पाहिले, ही दत्तप्रभूंची कृपा मी मानतो. हेन्रीच्या बापावर ती का झाली नाही, हे मात्र मी अद्याप कोणाला सांगू शकलेलो नाही.

परंतु सखाराम डोळ्यांपुढे येतात ते दुसरे पत्र टाकायला गेले तेव्हाचे. पत्र मी टपालात टाकतो म्हटले तर त्यांनी ऐकले नाही. मी छत्री घेऊन मागोमाग गेलो. पाऊस तिरका लागला होता. पोस्टाच्या भिंतीवरच्या लाल पेटीत त्यांनी मनगटापर्यंत हात घातला, आणि तो हात तसाच आत राहिला. पोस्टमन किल्ली घेऊन पेटी उघडायला आला होता. तो थोडा वेळ थांबला, मग म्हणाला, "तांडेलानू, कागद सोडा ओ. बस सुटात. टपाल रवात माजां."

"सोडतंय रे बाबा," सखाराम म्हणाले. "सोडतंय."

आणि ते हात आत ठेवून तसेच उभे राहिले. टोपीवरून पाणी त्यांच्या मानेत उतरत होते. पोस्टमनने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली नाही. स्टँडावर बसचा भोंगा वाजला. तेव्हा कुठे पेटीच्या तळाशी कागद पडल्याचा आवाज झाला.